हलगी शेकली की वाजते, तारेचे काय?

तमाशाच्या कनातीमागे दिवेलागणीला एक लहानसा जाळ पेटतो. काटक्या, रद्दी कागद, आणि जवळ उसाचा फड असेल तर मूठभर पाचट. हलगीवाला हलगीचे तोंड जाळाकडे करून ती गोल गोल फिरवत राहतो, मध्येच टिचकी मारून कानोसा घेतो आणि पुन्हा जाळावर धरतो. आधी ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा बसका आवाज काढणारे कातडे पाच-दहा मिनिटांत असे कडाडते, की शेवटच्या रांगेतला माणूसही मान वर करतो. वस्तू तापवली आणि तिचा आवाज सुधारला, याचा इतका उघडा पुरावा दुसरीकडे मिळणे अवघड आहे.

प्रवरा आणि म्हाळुंगी जिथे भेटतात, त्या संगमनेरला हा कडकडाट नवा नाही. शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) इथलाच. अहिल्याबाई होळकरांच्या एका शब्दाखातर त्याने डफ फोडला आणि तमाशा सोडून तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा याच तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची. ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचेही वास्तव्य संगमनेरात होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन इथेच झाले. डफ, हलगी, ढोलकी, तुणतुणे यांच्याशी इतका जुना घरोबा असलेल्या गावात ध्वनीविषयीचा एक अगदी आधुनिक प्रश्न विचारायला हरकत नसावी.

प्रश्न असा. घरात चांगला स्टिरिओ बाळगणाऱ्या हौशी मंडळींत गेली काही दशके एक समजूत पक्की आहे. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी नवी तार पहिल्या दिवशी 'कोरी' असते, आवाज कडक आणि कोरडा येतो. तिच्यातून शंभर-दोनशे तास संगीत वाहू दिले की ती 'मुरते': तंबोरा गोड लागतो, गायकाचा गळा मोकळा होतो, तबल्याचा बायाँ भरून येतो. या क्रियेला ते 'बर्न-इन' म्हणतात. ती लवकर उरकावी म्हणून तारेत दिवसरात्र ठरावीक संकेत सोडणारी यंत्रे बाजारात मिळतात. काही तारांवर 'याच दिशेने जोडा' असे बाणही छापलेले असतात. तार द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीत बुडवून काढली की ती आणखी गोड होते, असेही सांगितले जाते. एक भाजायला सांगतो, दुसरा गोठवायला. बिचाऱ्या तारेला विचारतो कोण?

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. ज्यांना फरक ऐकू येतो ती माणसे खोटे बोलत नसतात. आणि 'मुरणे' आपल्याला परके नाही. लोणचे मुरते, गूळ घालून ठेवलेली चिंच मुरते, नवा गडी कामात मुरतो. वाद्येही मुरतात, याची साक्ष मिरजेच्या कोणाही तंतुवाद्य कारागिराकडे मिळेल. मग तांब्याची तार तेवढी का मुरू नये?

आधी हलगीचे पाहू, कारण शेकल्याने तिचे नेमके काय होते ते चांगले ठाऊक आहे. कातडे हे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे विणकाम. हे तंतू हवेतली ओल पितात. पावसाळी हवेत किंवा दवात ते फुगतात, सैलावतात, जडही होतात. ताणून बसवलेल्या गोल पडद्याचा स्वर दोन गोष्टींवर ठरतो. ताण वाढला की स्वर चढतो, पडद्याचे वजन वाढले की उतरतो. हलगी शेकताना कातड्यातले पाणी उडते. म्हणजे वजन घटते, आणि तंतू आकसू पाहतात पण कड्याला जखडलेले असल्याने ताण वाढतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे, म्हणून टिपरू पडताच सगळ्या मांडवाला कळतो तो फरक. तो मोजायला यंत्र लागत नाही आणि कबूल करायला श्रद्धाही लागत नाही. शिवाय तो टिकत नाही. तासा-दोन तासांत रात्रीची ओल पुन्हा कातड्यात शिरते आणि हलगीवाला पुन्हा जाळाजवळ येतो.

आपल्या चर्मवाद्यांमागचे शास्त्र किती खोल आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिले. नोबेल मिळवून देणाऱ्या प्रकाशाच्या संशोधनाआधीच, १९२० मध्ये, त्यांनी तबला-मृदंगाच्या पुडीवर लिहिले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साधा ढोल 'धम्म' करतो, गात नाही. पुडीच्या मध्यावर चढवलेली शाई ते उपस्वर ओढून सुरेल प्रमाणात आणते. वस्तूत काय बदलले म्हणजे आवाजात काय बदलते, याचा इतका स्वच्छ हिशोब लावता येतो, ही त्या कामातली मोठी गंमत. तोच हिशोब आता तारेला लावायचा.

तारेचेही आपल्याकडे एक अनुभवाचे शास्त्र आहे. तंबोऱ्याला नवी तार चढवली की ती पहिले काही दिवस सारखी उतरते. खुंटी पिळावी, स्वर लावावा, आलाप सुरू करावा, की तार पुन्हा खाली. मग कधीतरी ती 'बसते' आणि शहाण्यासारखी स्वरात राहते. तुणतुण्याची तारही अशीच, फक्त तिचे एक टोक थेट कातड्यात अडकवलेले असल्याने तिला हवामानाचीही खोड. तेव्हा तार बसते, हे खरेच आहे. मात्र ती बसते, कारण ती ताणलेली असते. खुंटीवरचे वेढे आवळले जातात, गाठी घट्ट होतात, घोडीवर तार आपली जागा करून घेते, धातूही किंचित लांबतो. हे सगळे ओढीमुळे. स्टिरिओची तार कपाटामागे सैल लोंबत पडलेली असते. तिला कोणी ओढत नाही, तिच्यावर बोट पडत नाही, ती स्वतः कंप पावून आवाज काढत नाही. तिच्यातून फक्त वीज जाते. म्हणून तंबोऱ्याच्या तारेचा दाखला इथे लागू पडत नाही, नाव एकच असले तरी.

विजेने तांबे बदलेल का? आकडे घेऊन बसावे लागेल, पण हे आकडे फार सुरस आहेत.

घरात वायरिंगला वापरतात ती अडीच एमएमची तार घ्या, म्हणजे जिचा छेद अडीच चौरस मिलिमीटर आहे ती. दिवाणखान्यात मोठ्याने गाणे लावले तर स्पीकरकडे साधारण एक अँपिअर प्रवाह जातो असे धरू. एवढ्या प्रवाहासाठी तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांना किती वेगाने सरकावे लागते? सेकंदाला सुमारे ०.०३ मिलिमीटर! गोगलगायही त्यांना सहज मागे टाकील. प्रवाह एकाच दिशेने वाहत राहिला तरी मीटरभर अंतराला त्यांना नऊ तासांहून अधिक वेळ लागेल. आणि संगीताचा प्रवाह एका दिशेने वाहतच नाही. तो पुढे-मागे झुलतो. सेकंदाला हजार कंपनांचा स्वर असेल तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी अवघे काही नॅनोमीटर पुढे आणि तेवढेच मागे होतात. डोक्यावरचा केस याच्या हजारो पट जाड असतो. तेव्हा वर्दळीने पायवाट पडावी तशी इलेक्ट्रॉनांनी तांब्यातून 'वाट पाडली', ही कल्पना ऐकायला छान असली तरी तिथे कोणी चालतच नाही. गर्दी जागेवर उभी राहून किंचित डुलते, एवढेच. संकेत मात्र प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक गतीने पलीकडे पोहोचतो, कारण तो इलेक्ट्रॉनांच्या चालण्याने जात नाही, तारेभोवतीच्या विद्युतक्षेत्राच्या धक्क्याने जातो. मला स्वतःला हा भाग कोणत्याही 'बर्न-इन'पेक्षा अधिक चमत्काराचा वाटतो.

विजेच्या प्रवाहाने धातूतले अणू हलतात, हेही खरे आहे, आणि हा मुद्दा बर्न-इनवाल्यांच्या बाजूने मांडायला हवा. संगणकाच्या चिपमधल्या अतिसूक्ष्म धातूपट्ट्यांत असे घडते आणि त्या कालांतराने तुटतात. मात्र तिथे प्रवाहाची दाटी प्रत्येक चौरस मिलिमीटरला हजारो अँपिअर इतकी असते. आपल्या तारेत ती अर्धा अँपिअरही भरत नाही. उष्णतेने तांब्याचे स्फटिक नव्याने जुळतात, हेही खरे. तांबट भांडे ठोकून कडक झाले की ते भट्टीत लाल करून मऊ करतो, ते याचसाठी. पण त्याला काही शे अंश लागतात. स्पीकरच्या तारेत संगीतामुळे निर्माण होणारी उष्णता वॉटच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. एवढ्यात तारेवर बसलेली माशीसुद्धा उबदार होणार नाही.

आणि इथे संगमनेरचा उन्हाळा मदतीला येतो. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर अडीचच्या तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम. जानेवारीतल्या पहाटे खोलीत पंधरा अंश आणि मेच्या दुपारी पत्र्याखाली अडतीस, असे धरले तर हा रोध नऊ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे कोणत्याही बर्न-इन यंत्राने कधी दाखवला नसेल एवढा खराखुरा, मोजता येण्याजोगा बदल इथला निसर्ग दर वर्षी फुकटात करून देतो. तो ऐकू येतो का? आठ ओहमच्या स्पीकरसमोर नऊ टक्क्यांचा हा फरक आवाजाच्या पातळीत एका डेसिबलच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही. सराईत कानाला शांत खोलीत अर्ध्या-पाव डेसिबलचा फरक जाणवला तरी पुष्कळ झाले. मेमध्ये तंबोरा बेसूर लागतो अशी तक्रार स्टिरिओवाल्यांनी कधी केलेली ऐकिवात नाही.

ज्यांना हे तांब्याचे गणित पटते, ते मग तारेवरच्या आवरणाकडे वळतात. प्लॅस्टिक किंवा टेफ्लॉनचे आवरण थोडासा विद्युतभार शोषून धरते आणि हळूहळू सोडते, हे खरे आहे. कपॅसिटर बनवणाऱ्यांना हा गुण चांगला माहीत असतो. सीडी प्लेअरपासून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या मीटरभर बारीक तारेत हा परिणाम शोधायचा, तर तिची एकूण धारिता शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. एवढी धारिता जिथे आडवी येऊ लागते ती कंपने सेकंदाला वीस लाखांच्याही वरची. माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा त्याच्या बराच खाली. आवरण मुरो की न मुरो, ऐकणारा तिथवर पोहोचतच नाही.

मग 'बर्न-इन' हा शब्द आला कुठून? इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतून, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. नव्या मालातले कच्चे नग पहिल्या काही तासांतच दगा देतात. जे तगतात ते मग वर्षानुवर्षे चालतात. म्हणून चिप किंवा सर्किट गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी मुद्दाम १२५ अंशांसारख्या तापमानात चालवून पाहतात. जे मरायचे ते भट्टीतच मरू दे, हा हेतू. उरलेला नग भट्टीत जाऊन अधिक चांगला होतो असे कोणी इंजिनिअर म्हणत नाही, तो फक्त पारखला जातो. सोने आगीत घालून त्याचा कस पाहावा, तसे. पारखण्याचा शब्द मुरण्याला चिकटला, तिथून घोळ सुरू झाला.

स्टिरिओमध्ये खरोखर मुरणारी वस्तू आहे, आणि ती तारेच्या टोकालाच बसलेली असते: स्पीकर. त्याचा कागदी किंवा प्लॅस्टिकचा शंकू कडेने रबराच्या अथवा कापडी पट्टीवर आणि आतून राळ लावून घड्या घातलेल्या कापडी चकतीवर तोललेला असतो. नवी चकती ताठ असते. काही तास शंकू मागे-पुढे झाला की राळेचे सूक्ष्म बंध सुटतात, चकती सैलावते आणि शंकूची स्वाभाविक कंपनसंख्या थोडी उतरते. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचे जे गणित बसवले, त्यात हा बदल थेट मोजता येतो. नव्या पायताणाने आधी चावावे आणि मग पायाशी जमवून घ्यावे, तसला हा प्रकार. गंमत म्हणजे संगीताने खरोखर तापणारी तांब्याची तारही स्पीकरमध्येच असते. शंकूच्या मुळाशी गुंडाळलेली ही केसासारखी बारीक तार जोराच्या आवाजात शंभर अंशांनी तापू शकते, तिचा रोध चाळीस टक्क्यांच्या आसपास चढतो आणि आवाज दबतो. जत्रेत रात्रभर ठणाणा करणारे स्पीकर पहाटे थकल्यासारखे वाटतात, त्यात ऐकणाऱ्यांची झोप जशी कारण असते तशी ही तारही. गार झाली की ती पूर्ववत होते. मुरत तीही नाही.

जोडाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण माझ्या मते 'तार मुरली' असे वाटण्याचे निम्मे रहस्य तिथे आहे. तारेची टोके जिथे स्क्रूखाली किंवा प्लगात बसतात, तिथे धातूवर काळपट थर चढतो, दमट हवेत हिरवे धरते. जोड खराब झाला की खरखर येते, एक बाजू मध्येच बंद पडते. आता तार मुरवण्याच्या यंत्राला लावायची तर आधी ती काढावी लागते आणि नंतर पुन्हा लावावी लागते. प्लग उपसून परत खुपसला की धातूला धातू घासतो आणि थर खरवडला जातो. स्क्रू नव्याने आवळला जातो. आवाज खरोखर सुधारतो! श्रेय मात्र यंत्राला जाते. गावातला कोणताही जुना रेडिओ दुरुस्त करणारा हेच काम फुंकर मारून, कानशीने टोक घासून, चहा व्हायच्या आत करून देतो. काळानुसार होणारा आणखी एक खरा बदल म्हणजे स्क्रूखाली दाबलेले तांब्याचे धागे हळूहळू चपटे होऊन जोड सैल पडतो. त्याने आवाज बिघडतो. औषध एक पेचकस.

उरलेले निम्मे रहस्य ऐकणाऱ्याकडे असते. आवाजाच्या बारीक पोताची स्मृती फार अल्पायुषी असते. काही सेकंदांपूर्वीचा स्वर आणि आताचा स्वर यांची तुलना जमते, तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारची जमत नाही. दरम्यान माणूस तीच चीज वीस वेळा ऐकतो, आणि विसाव्या वेळी तंबोऱ्याच्या आसेतले जे ऐकू येते ते पहिल्या वेळी सुटलेलेच असते. त्यात आवाजाचा खटका अर्ध्या डेसिबलने पुढे सरकला असेल तर ते मोठेपण म्हणून कळत नाही, 'भरलेपण' म्हणून कळते. मंद आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रयोगाने मोजून दाखवले होते. आणि हजारो रुपये मोजून आणलेली तार कडक वाजते असे चारचौघांत म्हणणे कोणालाही जड जाते.

कोणाला स्वतः पडताळायचे असेल, तर मार्ग सोपा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. एकाच वेटोळ्यातून सारख्या लांबीचे दोन तुकडे कापून घ्यावेत. एक महिनाभर वाजवावा, दुसरा डब्यात ठेवावा. मग घरातल्या कोणीतरी नाणे उडवून, आपल्याला दिसणार नाही असे, यातला एक जोडावा. ऐकणाऱ्याने मुरलेला की कोरा ते सांगावे. असे सोळा वेळा. निव्वळ अंदाजपंचे बोलणाऱ्याचे सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारांहूनही कमी असते, तेव्हा ज्याची बारा जमली त्याचे गंभीरपणे ऐकून घ्यावे. ज्याच्याकडे मोजमापाची साधने आहेत, त्याच्यासाठी दुसरी वाट: तीच चीज दोन्ही तारांमधून ध्वनिमुद्रित करायची आणि एकातून दुसरी वजा करायची. तारांमध्ये फरक असेल तर बाकी उरते, नसेल तर शांतता. संगमनेरात अभियांत्रिकीची पोरे कमी नाहीत. एका दुपारचे काम आहे.

हलगीला मात्र अशा कसोटीची गरज कधी पडली नाही. आता तिच्यातही बदल आला आहे. कातड्याऐवजी फायबरचे पान बसवलेल्या, नट-बोल्टने आवळायच्या हलग्या सर्रास दिसतात. फायबर पाणी पीत नाही, म्हणून दवात उतरत नाही आणि जाळावर धरावेही लागत नाही. धरले तर वितळेल. पान्याने चार फेरे दिले की स्वर चढतो. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, अशी जुन्या वादकांची कुरकुर असते, पण पावसाळ्यातल्या मिरवणुकीत तेही फायबरचीच उचलतात. कातड्याची हलगी अजून जिथे वाजते, तिथे रात्री बाराच्या सुमारास कोणीतरी विझत आलेल्या निखाऱ्यांवर पुन्हा पाचट टाकतो आणि हलगी फिरवू लागतो. त्याच्या पायाशी, धुळीत, ॲम्प्लिफायरपासून स्पीकरकडे गेलेली काळी वायर पडलेली असते. तिच्यावरून दहा वेळा बैलगाडी गेलेली, दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली.